विरजणाची सरासरी

बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत विरजण मागायला जाण्यात कुणाला कधी कमीपणा वाटला नाही. दही संपायचं, थोडं बाजूला काढून ठेवायचं राहून जायचं, आणि दूध कोमट झालं की कुणीतरी वाटी घेऊन शेजारच्या दारात उभं राहायचं. लहानपणी बहुतेक वेळा ती मीच असायचे. विरजण आणलेली वाटी नंतर त्या दारात पुन्हा न्यायची, आणि ती रिकामी न्यायची नाही, एवढा एकच नियम होता. चिमूटभर साखर, चार शेंगदाणे, घरात असेल ते चालायचं.

आमच्या दारात मात्र जास्त वाट्या यायच्या, कारण माझ्या आईचं दही. आई प्राथमिक शाळेत शिकवायची. शाळेतली पोरं तिला टरकून असायची, पण तिचं दही असं गोड आणि घट्ट लागायचं की गाडगं उलटं केलं तरी हलणार नाही. हे विरजण तिने लग्नानंतर तुकईथडहून, तिच्या माहेरून आणलं होतं. वाटीवाटीने ते गल्लीभर गेलं. आमच्या ओळीतल्या चारही घरांतल्या दह्याची चव एकच, आणि नेमकं कोणाचं विरजण कोणाकडे आहे हे पुढे कुणालाच सांगता आलं नसतं.

मी मोठी झाले, लग्न होऊन सिंधीपुऱ्यात आले आणि इथल्याच एका कॉलेजात गणित शिकवू लागले. शिकवते हिंदीत, मनातला हिशेब मात्र मराठीत चालतो. घरी नवरा आणि कॉलेजला जाणारी मुलगी, दोघांनाही पाकिटातलं दही चालतं, त्यामुळे मीही लावायचं सोडून दिलं होतं. आईकडे गेले की वाटीभर खाऊन यायचे, तेवढंच.

गल्लीचं हे विरजण गणितात शिरलं ते गेल्या वर्षी. मी ग्राफ थिअरीतला एक निबंध वाचत होते. ग्राफ म्हणजे काही ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, बाकी काही नाही. त्यातले काही ठिपके निवडायचे, असे की न निवडलेल्या प्रत्येक ठिपक्याला निदान एक निवडलेला शेजारी असावा. अशा निवडीला डॉमिनेटिंग सेट म्हणतात. मला हे नाव उगाच दांडगाईचं वाटतं. वाचता वाचता मी थांबले आणि मोठ्याने म्हटलं, "अगं बाई, हे तर विरजण!" ठिपके म्हणजे घरं, रेघा म्हणजे जाणं-येणं. ज्या घरात विरजण नाही त्याच्या एका तरी शेजाऱ्याकडे ते आहे, म्हणजे गल्लीचं भागलं. तेव्हापासून मी त्याला 'पुरेसा संच' म्हणते.

लोक सहसा विचारतात, कमीत कमी किती घरांत भागेल? तोही प्रश्न चांगला आहे, पण मला तो जरा कंजूष वाटतो. त्या निबंधातला प्रश्न वेगळा होता. गल्लीचं भागेल अशा जितक्या तऱ्हा असतील तितक्या सगळ्या मांडा. प्रत्येकीत किती घरांत विरजण आहे ते मोजा. मग सरासरी काढा. एकच काटकसरी तऱ्हा न शोधता, भागण्याच्या सगळ्या तऱ्हा समोर ठेवून त्या साधारण केवढ्या असतात, ते पाहायचं. मला हा प्रश्न फार मोठ्या मनाचा वाटला.

दोन शेजारी घरं घ्या. विरजण याच्याकडे, किंवा त्याच्याकडे, किंवा दोघांकडे. तीन तऱ्हा, आणि सरासरी चार-तृतीयांश घरं. ओळीत तीन घरं घेतली तर पाच तऱ्हा, सरासरी दोन. चार घरं घेतली तर नऊ तऱ्हा, सरासरी आठ-तृतीयांश. तीन, पाच, नऊ. सगळ्या विषम संख्या. मला वाटलं हा योगायोग असेल, पण पुढे वाचलं तर हे सिद्ध झालेलं होतं. ठिपके कितीही घ्या, रेघा वाटेल तशा ओढा, पुरेशा संचांची संख्या विषमच येणार. बुऱ्हाणपुरातल्या सगळ्या गल्ल्या घ्या नाहीतर जगातली सगळी गावं घ्या, भागण्याच्या तऱ्हा जोडीजोडीने लावल्या की एक तऱ्हा शेवटी एकटी उरते. मी गॅसवर चहा ठेवला होता तो उतू गेला. मला खरंच हात जोडावेसे वाटले, कोणाला ते ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट होती. दोन घरांची सरासरी, तीनची, चारची, तिन्ही वेळा ती घरांच्या बरोबर दोन-तृतीयांश भरते. जाणकारांचा अंदाज असा की कुठल्याही ग्राफमध्ये ही सरासरी दोन-तृतीयांशाच्या वर जात नाही. मी वाचलं तेव्हा सगळ्या ग्राफसाठी ते सिद्ध झालेलं नव्हतं. अट एकच आहे, एकही ठिपका एकटा नसावा. ज्याला एकही रेघ नाही असा ठिपका असला की बिघडलं. त्याला शेजारीच नाही, म्हणजे त्याचं विरजण त्याच्याकडेच असायला हवं. तो प्रत्येक पुरेशा संचात घ्यावाच लागतो आणि सरासरी वर चढते.

मी हौसेने आमच्या गल्लीचं चित्र काढलं, वर्गात दाखवायला. एका ओळीत चार घरं. पहिलं कोपऱ्यावरच्या काकूंचं, दुसरं आईचं, तिसरं मावशीचं म्हणजे आईच्या मैत्रिणीचं, चौथं मामींचं, नात्याने नाही, सगळी गल्ली त्यांना मामीच म्हणते. चित्र घेऊन आईकडे गेले आणि तिला सगळं समजावलं. आईने बोटांवर नऊ तऱ्हा मोजून पाहिल्या. तिच्या डोळ्यांत चौथीच्या मुलाला भागाकार जमल्यावर येते तशी चमक आली. मग तिने चष्मा वर केला.

"जिजीचं घर कुठाय?"

गल्लीच्या बंद टोकाला, आईच्या घराच्या तिरकं समोर, पाचवं घर आहे. तिथे जिजी राहते. ती आईपेक्षा चार-सहा वर्षांनी लहान. तिची मुलगी आईच्या वर्गात होती आणि आईने तिला चौथीत नापास केलं. "गल्लीतली असून पोरीला मागं ठेवलं," हे जिजीच्या मनातून कधी गेलं नाही. बाकीच्या तिघींनी आईची बाजू घेतली, म्हणून जिजीने त्यांचंही दार सोडलं. ती मुलगी पुढे शिकून खांडव्याला नोकरी करते, तिला दोन मुलं आहेत, पण अबोला होता तिथेच आहे. मी शाळेत जायचे तेव्हापासूनचा.

"तिला रेघ कुठून काढू?" मी म्हटलं. "तिला घेतलं तर सरासरी दोन-तृतीयांशाच्या वर जाते. उदाहरण बिघडतं."

"बिघडलं तर बिघडू दे. गल्लीत आहे ती," आई म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

मी काही तिला घेतलं नाही. वर्गात चारच घरं दाखवली. पोरं खूश झाली, एकाने तर फळ्यावरच्या मामींच्या घरात पाणीपुरीचं दुकान काढून दिलं.

यंदा उन्हं तापायला लागली आणि आईला अर्धांगाचा झटका आला. आम्ही तिला इंदूरला नेलं. तिथून घरी आणलं तेव्हा डावा हात आणि पाय तिचं ऐकत नव्हते, बोलणं जड झालं होतं, पण डोकं ठणठणीत होतं. ती राजपुऱ्यातल्या घरीच राहायचं म्हणाली, म्हणून मीच तिच्याकडे राहायला गेले. मग तिने खाणं सोडलं. वरण, खिमट, केळ्याचं शिकरण, काहीही पुढे केलं की तोंड फिरवायची. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. गिळता येतंय, पण त्यांना इच्छाच नाही, म्हणाले. अजून एक-दोन दिवस बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल.

नळी हा शब्द आईने ऐकला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथून उठून स्वयंपाकघरात जावं लागलं. मी ओट्याला धरून रडले. पाकीट फोडून दहीभात कालवला, साखर घातली आणि चमचा तिच्या ओठांना लावला. तिने घास जिभेवर घेतला आणि ओठांच्या कडेने बाहेर सोडला.

"आपलं नाही," ती म्हणाली. मग उजव्या हाताने वाटीचा आकार करून दाखवला.

तिला तिचं दही हवं होतं. इतक्या दिवसांत तिने मागितलेली ती पहिली गोष्ट होती. मला इतका आनंद झाला की चप्पल न घालताच मी बाहेर पडले. आम्ही इंदूरला होतो तेव्हा आईचं घर बंद होतं, तिचं गाडगं कधीच वाळून गेलं होतं. पण त्याचं काय एवढं? डावीकडे काकू, उजवीकडे मावशी. गल्ली पुरेशी होती, मी ते फळ्यावर सिद्ध करून दाखवलं होतं.

काकूंनी दार उघडलं. माझ्या हातातली वाटी पाहून त्यांचा चेहराच उतरला.

"अवं बेटा, दही नाही वो घरात. मी तं सोडलं ना! तुही माय पायानं चालत गल्लीत येत नाही तोवर दही लावायचं नाही, खायचं नाही, असा नेम धरला मी."

मावशीकडे गेले. मावशीनेही सोडलेलं. मामींनीही. तिघींनी मिळून ठरवलं होतं. एखाद्याच्या जिवासाठी काही सोडायचं तर आपल्याला सगळ्यात आवडतं ते सोडावं, आणि तिघींना सगळ्यात आवडायचं ते माझ्या आईच्या विरजणाचं दही. घरातल्या पोरांना पाकीट आणून देत होत्या. माझ्या आईवर त्यांचं एवढं प्रेम होतं की आईला वाचवू शकेल असा एकमेव पदार्थ त्यांनी गल्लीतून पार पुसून टाकला होता. मावशीच्या हे ध्यानात आलं तेव्हा ती डोक्यावर हात मारून खालीच बसली. "आपन काय केलं वो हे," असं पुन्हा पुन्हा म्हणायला लागली. तिला रागवावं की मिठी मारावी तेच मला कळेना. मी दोन्ही केलं.

तुकईथडला मामाला, आईच्या भावाला, फोन लावला. त्यांनी म्हशी कधीच विकल्या, दही बाजारातून येतं. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "मम्मी, टेन्शन नको घेऊ, मी ऑनलाइन बघते ना, मिट्टी के बर्तन वालं दही मिळतं." बिचारीला काय सांगणार.

मी गल्लीत उभी राहिले. हातात रिकामी वाटी, फरशी पायाला चटके देत होती. चार घरं माझ्यासमोर होती, ओळीत, मी काढली होती तशीच. चारही रिकामी. माझ्या चित्रात हे चालतच नव्हतं, रिकामा संच कधीही पुरेसा नसतो. आणि तेव्हा मला माझंच वाक्य आठवलं, वर्गात खडू आपटून मी म्हटलेलं. एकट्या ठिपक्याला शेजारी नाही, म्हणून तो प्रत्येक पुरेशा संचात असतो. एकही अपवाद नाही.

मी गल्लीच्या टोकाकडे वळले. जिजीच्या दारात मी जाणतेपणी कधी पाऊल टाकलं नव्हतं. कडी वाजवली.

"काय वं, रस्ता चुकली का आज?" दारातच जिजीने विचारलं. मग तिची नजर माझ्या हातातल्या वाटीवर गेली.

"जिजी, तुमच्याकडे विरजण आहे का?"

"राह्यनार नाही तं काय? रोज लावते मी."

"बाकीच्यांनी सोडलंय, म्हणून विचारलं."

"त्याह्यनं सोडलं. मी कायले सोडू? तुही माय बोलते का माह्याशी?" ती आत वळली, वळता वळता बोलतच होती. "आन सोडून मले जमनार कसं? तुमचं संपलं तं तुम्ही शेजारी जाता. मी कोनाच्या दारात जाऊ? एक दिस जरी राह्यलं लावायचं, तं माहं गेलंच ना कायमचं."

ती झाकण काढून दही वाढत होती. गाडग्यातून चमचा निघाला तेव्हा दह्यात सरळ कड उभी राहिली. मला ती कड ओळखू आली. मी विचारायच्या आतच ती पाठमोरी बोलली.

"हे तुह्या मायचंच हाये. मी लग्न होऊन आली, तवा तिनंच वाटी आनून देल्ली व्हती. भांडन मंग झालं."

गल्लीतल्या चार घरांचं दही कितीदा संपलं, कितीदा याच्याकडून त्याच्याकडे गेलं, त्याचा पत्ता नाही. पण हे एक गाडगं मी शाळकरी असल्यापासून एकही दिवस खंड न पडता चालू होतं. रागाने, हट्टाने, मागायला दार नाही म्हणून. जिजीला तिथेच गल्लीचं सगळं गणित सांगावंसं वाटलं मला, ते तीन, पाच, नऊ, सगळं. पण वाटी हातात होती आणि आई वाट पाहत होती. मी जिजीच्या पाया पडले. ती मागे सरकली आणि म्हणाली, "जाय, सांडशीन."

आईला मी काहीच सांगितलं नाही. नुसत्या दह्याचा चमचा पुढे केला. तिने घास तोंडात घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग गिळला. मग स्वतःहून तोंड उघडलं. मी चमचे देत गेले आणि माझे डोळे वाहत राहिले, पुसायला हात मोकळा नव्हता. वाटी अर्धी झाली तेव्हा ती थांबली.

"कोणाचं?"

"जिजीचं."

आई छताकडे बघत राहिली. मला भीती वाटली की आता ती तोंड फिरवणार. तिने उरलेलं सगळं खाल्लं. मी वाटी धुवून तिच्यात साखर घालू लागले, तर तिने उजवा हात उचलून मला थांबवलं.

"तू नको. मी नेईन," ती म्हणाली. तेव्हा तिला आधाराशिवाय बसताही येत नव्हतं.

नळीचा विषय संपला. जिजीने दिलेल्या दह्यातलं चमचाभर मी आईला भरवण्याआधीच राखून ठेवलं होतं, त्याने दूध विरजलं आणि आईचं गाडगं पुन्हा सुरू झालं. साखर भरलेली वाटी खिडकीत, आईला पलंगावरून दिसेल अशी ठेवली होती. मुंग्या लागल्या की मी साखर बदलायचे. व्यायाम शिकवणाऱ्या बाई यायच्या तेव्हा आई त्या वाटीकडे बघत दात-ओठ आवळून पाय उचलायची. कधी कंटाळायची, चिडायची, माझ्यावर ओरडायची. नापास झालेल्या मुलांना ती कशी वागवत असेल याची मला चांगलीच कल्पना आली.

एका दुपारी ती झोपली असताना मी जुनं चित्र काढून बसले. पाचवा ठिपका मांडला, एकटाच. तऱ्हा नऊच राहिल्या, सरासरी तीन पूर्णांक दोन-तृतीयांश, म्हणजे मर्यादेच्या वर, म्हणूनच तर मी तिला वगळलं होतं. मग पेन्सिलीने एक रेघ ओढली, पुसट, आईच्या घरापासून जिजीच्या घरापर्यंत, आणि पुन्हा मोजायला घेतलं. तऱ्हा झाल्या पंधरा. सरासरी आली तीन पूर्णांक एक-तृतीयांश. पाचाचे दोन-तृतीयांश तेवढेच होतात, कणभर इकडे नाही की तिकडे नाही. मी तीनदा ताळा पाहिला. एका रेघेने भागण्याच्या तऱ्हा सहांनी वाढल्या होत्या आणि सगळी गल्ली नेमकी त्या सीमेवर येऊन टेकली होती. मी आईकडे पाहिलं. ती घोरत होती. रेघ अजून पेन्सिलीचीच होती, खरी व्हायची तर ती पलंगावरच्या त्या बाईला चालून काढावी लागणार होती.

पाऊस येऊन गेला, उघडीप झाली आणि आई एका सकाळी काठी घेऊन उंबऱ्याबाहेर आली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भिंत. वाटी तिने पदरात बांधून घेतली होती, कारण उजवा हात काठीला लागत होता. काकू, मावशी, मामी आपापल्या दारात उभ्या होत्या. त्यांचा नेम त्या क्षणी पुरा झाला होता, पण कुणी हाक मारली नाही. सगळ्यांना कळत होतं ती कुठे निघाली आहे.

जिजीने कडी वाजण्याआधीच दार उघडलं. आईने मला पदराची गाठ सोडायला लावली आणि वाटी स्वतः पुढे केली. जिजीने ती घेतली.

"येवढी साखर कायले?" ती म्हणाली.

आईला उत्तर द्यायचं होतं, पण चालून धाप लागली होती. मला वाटलं, झालं, आता परत फिरायचं.

"आज माहं दही लागलं नाही," जिजी एकदम म्हणाली. "थोडं इरजण भेटीन का?"

तिच्या मागे ओट्यावर घट्ट लागलेल्या दह्याचं उघडं गाडगं मला दारातून स्पष्ट दिसत होतं. आईलाही दिसत असणार. ती काठीवर रेलून माझ्याकडे वळली आणि जड जिभेने, पण चौथीच्या वर्गातल्या त्याच आवाजात म्हणाली, "उभी काय राहिलीस? विरजण आण जा."